अकराव्या मिनिटाला

चादर बाजूला करून तिने रुग्णाच्या उजव्या जांघेतल्या फुगवट्यावर दोन बोटं टेकवली आणि बोटांखाली घुरघुर लागली. फार बारीक, झोपलेल्या मांजराच्या पाठीवर हात ठेवला तर लागते तेवढीच. नाडीचा ठोका वेगळा असतो. तो येतो, जातो, मधे रिकामी जागा सोडतो. इथे रिकामी जागाच नव्हती. रक्त एका अरुंद वाटेने आत शिरत होतं, त्याच वाटेने परत फिरत होतं आणि जाता-येता कडांना घासत होतं. हे तिला पुस्तकातून माहीत होतं, इतरांच्या रुग्णांवरून माहीत होतं. स्वतःच्या हाताखालून गेलेल्या माणसाच्या जांघेत एकोणीस वर्षांत ते कधी लागलं नव्हतं. आपला चेहरा आत्ता कसा दिसत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो होता तसाच ठेवला.

“काय म्हणतंय?” खाटेवरच्या माणसाने विचारलं. तो बसचा ड्रायव्हर होता, अंगाने आडवा, पन्नाशी ओलांडलेला. चार दिवसांपूर्वी त्याची अँजिओग्राफी झाली होती आणि आज सकाळी तो लंगडत परत आला होता.

“गाठ आहे. सोनोग्राफीत नीट कळेल.”

“मला वाटलं गॅस.”

“जांघेत गॅस,” स्टुलावर बसलेली त्याची बायको म्हणाली. “ऐकलंय का कुणी? सहा तास पाय सरळ ठेवा म्हणून सांगितलं होतं. साडेतीन तासांत ह्यांना उशी नीट करायची होती. गुडघा असा वर. मी डोळ्यांनी बघितला.”

“जरासाच घेतला.”

“जरासाच. डेपोत सांगा बरं, जरासाच ब्रेक सुटला म्हणून.”

ड्रायव्हरने नजर पंख्याकडे नेली. चार दिवस हेच ऐकून घेतलेल्या माणसाची नजर होती ती. तिने चादर परत ओढली, कडा सारख्या केल्या आणि हात धुवायला बेसिनशी गेली. हात कधीच स्वच्छ झाले होते तरी नळ चालू होता.

जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत सरकवतात, तिच्यातून औषधी रंग सोडतात, पडद्यावर काळ्या रेषा उमटतात आणि कुठली रेष कुठे बारीक झाली आहे ते दिसतं. ते काम डॉक्टरांचं. नळी काढल्यावर धमनीला जे भोक उरतं ते तिच्या वाट्याचं. ते शिवत नाहीत की चिकटवत नाहीत. दोन बोटांनी दाबून धरायचं, पंधरा मिनिटं. तेवढ्यात रक्त आपलं बूच आपणच तयार करतं. कॅथलॅबमध्ये, अँजिओग्राफीच्या त्या खोलीत, हे काम सगळेच करायचे, पण माणूस जाड असला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या, की हाक तिला जायची. बूचबाईंना बोलवा. नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. पहिल्यांदा तिला राग आला होता, नंतर सवय झाली आणि मग, तिने कोणाजवळ कबूल केलं नसतं, अभिमान. तिला हे काम शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर म्हणायच्या, बोटाला विचार. घड्याळ भिंतीवर आहे, रक्त बोटाखाली आहे. पहिली काही वर्षं ती दोघांनाही विचारायची. मग हळूहळू घड्याळाकडे बघणं सुटलं. बोट कधी चुकलं नाही. निदान ते चुकलं असं परत येऊन कोणी सांगितलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला त्या बेसिनशी उभं असताना पहिल्यांदा दिसलं, आणि एकदा दिसल्यावर तिला त्यावरून नजर हटवता येईना.

आणि फॉर्म. दाब धरताना दोन्ही हात अडकलेले असतात, सोडल्यावर हातमोजे रक्ताने माखलेले असतात आणि टेबलावर पुढचा माणूस चढलेला असतो. तेव्हा फॉर्म लिहायचा कधी? म्हणून ते सकाळीच लिहून ठेवायचे. चहाबरोबर, दिवसभराच्या सगळ्या नावांचे, एकाच पेनाने. ‘दाब: पंधरा मिनिटे. गुंतागुंत: नाही.’ यात कोणाला काही गैर वाटत नव्हतं, कारण पंधरा मिनिटं धरणारच होते आणि गुंतागुंत होत नव्हतीच. एकदा एका माणसाचा फॉर्म असाच भरून ठेवला आणि तो आलाच नाही. घाबरून सकाळीच घरी निघून गेला. तो फॉर्म फाडताना सगळे हसले होते. ज्याची अँजिओग्राफीच झाली नाही त्याला गुंतागुंत कुठून होणार, निदान एक तरी फॉर्म शंभर टक्के खरा निघाला. तीही हसली होती. आता तिला तो कागद फाटल्याचा आवाजसुद्धा आठवला.

ड्रायव्हरचा फॉर्मही सकाळीच भरलेला होता, तिच्या अक्षरात. त्या दिवशी सात जण होते. तो पाचवा. तिने नळी काढली, बोटं टेकवली, वजन खांद्यातून खाली सोडलं. तो बोलत होता. भीती वाटली की माणसं बोलतात. “ताई, आमचं उलटं असतं. आम्ही पाय दाबून ठेवतो, तुम्ही हात.” तिने हूं म्हटलं. भिंतीवर अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. हे तिने मुद्दाम पाहिलं नव्हतं, पण डोळे पाहून ठेवतात. मग आतून हाक आली. टेबलावरच्या बाईच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि डॉक्टरांना तिथे आणखी दोन हात हवे होते. “बूचबाई, मोकळ्या होताय का?” तिने बोटाला विचारलं. बोट म्हणालं, झालं. तिने सावकाश हात उचलला. कातडीवर रक्ताचा थेंब नव्हता, पांढरं स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं. तिला बरं वाटलं. पट्टी लावून आत जाताना डोळे पुन्हा भिंतीकडे गेले. अकरा वीस. अकरा मिनिटं. जाड माणूस, रक्त पातळ करणारी औषधं, अकरा मिनिटं. ती आत गेली, त्या बाईचं दुखणं थांबलं, आणि मधले चार दिवस हा आकडा तिच्या डोक्यात एकदाही आला नाही. तो गेला कुठे होता? आता तर तो असा समोर आला होता, जणू इतके दिवस दारामागेच उभा होता.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार केला होता. पडद्यावर धमनी दिसत होती आणि तिच्या शेजारी बोराएवढी एक पोकळी, जिच्यात लाल आणि निळा रंग एकमेकांभोवती फिरत होते. दोघांना जोडणारी एक आखूड मान. डॉक्टर तिच्याहून दहा वर्षांनी लहान, घाईत असले तरी नीट बोलणारे. त्यांनी पडद्यावर मोजमाप घेतलं. “मान रुंद आहे. इंजेक्शनने गोठवायला गेलो तर औषध खाली पायात उतरेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि दाबून बघण्यात अर्थ नाही. पंधरा मिनिटं बूचबाईंच्या हाताखाली राहून जे थांबलं नाही ते आता काय थांबणार? भोक मोठं आहे. सर्जनना कळवतो. उद्या उघडून टाके घालतील.” मग ड्रायव्हरकडे वळून, जरा मोठ्याने, “पाय हलवलात ना हो? अशाने दोन-तीन महिने घरी बसावं लागतं बघा.”

“चूक झाली साहेब,” ड्रायव्हर म्हणाला.

ती खोलीबाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या मशीनजवळ एक बाक होता. त्यावर ती बसली नाही, त्याच्या पाठीला हात लावून उभी राहिली. उद्या त्याची जांघ उघडणार होते, आणि तिच्या लौकिकामुळे उघडणार होते. डॉक्टरांनी हिशेब बरोबरच मांडला होता. त्यात घातलेला आकडा तिने दिलेला होता. चार मिनिटं म्हणजे, मिनिटाला बहात्तर धरले तर, दोनशे अठ्ठ्याऐंशी ठोके. प्रत्येक ठोका त्या अर्धवट बुचावर आतून धडकलेला. पण गुडघा? साडेतीन तासांनी त्याने गुडघा खरंच वर घेतला होता. बायकोने पाहिलं होतं, तो स्वतः कबूल करत होता. गुडघ्यानेही बूच निसटू शकतं. त्यानेच निसटलं असेल तर? अकरा मिनिटांत बंद झालेली कितीतरी भोकं तिने पाहिली होती. हा विचार गुळगुळीत होता, हातात नीट बसत होता. त्यात खोटं काही नव्हतं आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग असायचा. दोरीला गोळा टांगायचा, वीस झोके मोजायचे, त्यावरून पृथ्वीचं गुरुत्व काढायचं. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असे, नऊ पूर्णांक एक्याऐंशी शतांश. म्हणून वर्गातल्या मुली वहीत उत्तर आधी लिहायच्या आणि मग उलट्या चालत निरीक्षणांपर्यंत यायच्या. तिचं उत्तर नऊ पूर्णांक एकतीस आलं. तिने दोरी पुन्हा मोजली, झोके पुन्हा मोजले, पुन्हा एकतीस. तेच लिहिलं. प्रयोगशाळेच्या बाई वही बघून म्हणाल्या, “पृथ्वीशी तुझं काही वैयक्तिक भांडण आहे का गं?” सगळ्या हसल्या. तिला दहापैकी चार मिळाले आणि घरी जाताना रडू येण्याऐवजी एक विचित्र हलकेपणा वाटत होता, चप्पल नवी असल्यासारखा. ती मुलगी एका दिवसात कुठे गेली नव्हती. ती थोडी थोडी गेली. आज सकाळीच आईचा रक्तदाब मोजताना वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न आला. आईने विचारलं, “किती?” आणि ती म्हणाली, “दीडशे.” आईला काळजी नको म्हणून. रोजच आठ-दहा कमी. आईही ते धरूनच चालायची बहुतेक, परवा म्हणाली, “तुझ्या दीडशेत मला जिना चढताना धाप लागते बाई.” यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. कुठल्याच एका ठिकाणी काही वाईट नव्हतं.

त्या पोकळीचं कारण तिला माहीत नव्हतं. कदाचित कोणालाच कधी कळणार नव्हतं. पण निरीक्षण तिला माहीत होतं, अकरा वाजून नऊ आणि अकरा वाजून वीस, आणि ते पाहणारं जगात तिच्याखेरीज कोणी नव्हतं. ती बाकापासून निघाली. पाय जड वगैरे झाले नाहीत. उलट ते नेहमीच्याच वेगाने चालत होते, आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकलताना तिला एवढंच वाटलं की वाक्य लहान असावं.

“ड्रायव्हरचा दाब मी अकरा मिनिटं धरला होता. पंधरा नाही.”

डॉक्टरांच्या हातात फोन होता. त्यांनी तो कानाला न लावता खाली ठेवला. “फॉर्मवर पंधरा आहे.”

“फॉर्म सकाळी भरलेला असतो. सगळेच असतात.”

“ते मला माहीत आहे,” ते म्हणाले आणि थांबले, कारण ते त्यांना खरंच माहीत होतं. मग म्हणाले, “मी बोलावलं होतं ना तुम्हाला आत?”

“बोलावलं होतं. हात मी उचलला.”

“आत्ता हे सांगून काय मिळणार तुम्हाला? माणसाने पाय हलवलाय. मी तसं लिहिलंय पण.”

“त्याने हलवलाय. तेही राहू दे. पण भोक मोठं आहे असं तुम्ही पंधरा मिनिटांवरून म्हणालात. अकरावरून म्हणता येईल का?”

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांना राग आला होता, पण प्रश्न बरोबर होता आणि ते अशा माणसांपैकी होते ज्यांना बरोबर प्रश्नासमोर रागावून बसता येत नाही. “नाही,” ते म्हणाले. “मग एकदा दाबून बघायला हवं. सोनोग्राफीखाली, नेमकं त्या पोकळीच्या मानेवर. वीस-वीस मिनिटं.” मग आवाज बदलून, “हे मोठ्या सिस्टरांना कळवावं लागेल मला. उद्यापासून चौकशी होईपर्यंत तुम्ही दाब धरणार नाही. फॉर्मचंही निघेल मग, सगळ्यांचंच. तुमच्याशी कोणी बोलणार नाही काही दिवस.”

“हो.”

“आज मात्र तुम्हीच धरा. इतका वेळ वाकून दुसरं कोणी उभं राहणार नाही.”

“आधी त्यांना विचारते,” ती म्हणाली. “माझा हात त्यांना चालतोय का ते.”

ड्रायव्हर अजून सोनोग्राफीच्या खाटेवर होता, छताकडे बघत. बायको बाहेर डबा आणायला गेली होती. तिने स्टूल ओढून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन सांगितलं; किती वाजता सुरू केलं, किती वाजता सोडलं, का सोडलं. तिचा आवाज रीडिंग वाचून दाखवावा तसा येत होता आणि तो तसा का येतोय हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज जवळ नव्हता. तो ऐकत राहिला.

“म्हणजे मी नाही,” तो म्हणाला.

हो म्हणणं किती सोपं होतं. “ते नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “गुडघ्यानेही झालं असेल. दोन्हीनेही. माझी चार मिनिटं कमी होती एवढं नक्की.”

“निम्मं निम्मं?”

“प्रमाण मला माहीत नाही.”

तो हसला, पण पोट हललं तसं जांघेत कळ आली आणि हसू अर्ध्यावर थांबलं. मग तो पुन्हा छताकडे बघू लागला. त्याचा राग येऊन गेला की यायचाच होता हे तिला कळेना. “बत्तीस वर्षं गाडी चालवतो,” तो शेवटी म्हणाला. “एकदा एक म्हातारी उतरायच्या आधी गाडी सोडली. पाय मोडला तिचा. कंडक्टरने घंटी दिली होती, साक्ष पण दिली तशी. पण आरशात मी बघितलं होतं तिला.” त्याने चादर स्वतःच बाजूला केली. “दाबा. आणि घड्याळ मी बघतो. वेळापत्रक आपला धंदाच आहे.”

त्याला दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी पडद्यावर पोकळीची मान दाखवली. तिने यंत्राचं टोक दोन्ही हातांत धरून तिच्यावर टेकवलं आणि वजन सोडलं. कोपर सरळ, खांदा वर, पाठ जराशी वाकलेली. पडद्यावरचा रंग बारीक होत होत विझला. धमनी मात्र शेजारी वाहत राहिली पाहिजे. जास्त दाबलं तर पायाचं रक्त थांबतं, कमी दाबलं तर पोकळीत शिरतं. मधली जागा गव्हाच्या दाण्याएवढी. त्या दाण्यावर ती उभी होती. ड्रायव्हरने दात आवळले होते आणि प्रत्येक मिनिटाला आकडा सांगत होता. “तीन.” तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक तार ताणली गेली. “सात.” घामाचा थेंब नाकावरून ओघळून टोकाशी थांबला, तो पडू दिला. बोट काहीतरी म्हणत होतं, ती ऐकत नव्हती. ती नुसतं बघत होती, पडद्यावरच्या काळ्या जागेकडे. “अकरा,” तो म्हणाला आणि त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. “बारा,” तो म्हणाला.

विसाव्या मिनिटाला तिने केसभर दाब सैल केला. पडद्यावर एक लाल धागा चमकला. “आहे अजून,” डॉक्टर म्हणाले. “बदलू का कोणाला?” तिने डोक्यानेच नाही म्हटलं. हातात आता हात राहिला नव्हता. खांद्यापासून खाली काहीतरी लाकडाचं लावलेलं होतं आणि ते लाकूड दुखत होतं. तिने पाय थोडे फाकवून घेतले. दुसऱ्या वीस मिनिटांत तिला ना कॉलेज आठवलं, ना आई, ना मोठ्या सिस्टरांचा उद्याचा चेहरा. आकडे येत होते. मधे एकदा ड्रायव्हर “चौदा” दोनदा म्हणाला आणि तिने “पंधरा” म्हणून दुरुस्त केलं. “गाडी लेट आहे,” तो दातांतून पुटपुटला. “वीस” आल्यावर ती सैल झाली नाही. आणखी दोन मिनिटं तशीच राहिली आणि मग दाब इतका सावकाश काढला की डॉक्टरांना कळलं नाही. “सोडा,” ते म्हणाले. “सोडलंय,” ती म्हणाली. पोकळी तिथेच होती, करडी, स्थिर. तिच्यात कुठलाच रंग फिरत नव्हता. डॉक्टर यंत्राचं टोक आपल्या हातात घेऊन या बाजूने, त्या बाजूने बघत राहिले. “उद्या सकाळी परत बघू,” ते म्हणाले. “टिकलं तर सर्जन नको. आणि आजचे सकाळी भरलेले फॉर्म मी स्वतः तपासतो.”

तिने हातमोजे काढायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात, उघडेनात.

“ताई,” ड्रायव्हर म्हणाला. त्याचा चेहरा पिवळा पडला होता. “बाहेर हिला तेवढं सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आता दुसऱ्यावर ढकलायला लागलात.”

बायको व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने उठायची घाई केली नाही. चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती. “बंद झालंय सध्या,” ती बायकोच्या शेजारी बसत म्हणाली, आणि मग तेच सगळं दुसऱ्यांदा सांगितलं, नऊ आणि वीस, हाक, हात, गुडघा, प्रमाण माहीत नाही. शेवटी माफी मागितली. या वेळी आवाज इतका कोरडा आला नाही. बायको ऐकताना डब्याच्या झाकणावर अंगठा फिरवत होती. चार मिनिटं, ती म्हणाली. मग पुन्हा, चार मिनिटं. बायको आता आपल्याला काय बोलेल त्याची वाट बघत बसून राहायचं तिने ठरवलं होतं. कितीही वेळ लागला तरी.

“मी चार दिवस बोलतेय त्यांना,” बायको म्हणाली. “उठता बसता. जेवताना. मुलीला फोन केला तेव्हा तिच्यासमोर. काल म्हटलं, तुम्हाला मरायची हौसच आहे.” ती तिच्याकडे बघत नव्हती. “तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी हे बोलले नसते ना. पायाचं जाऊ द्या. हे मी कुठे ठेवू आता?”

माफी तिने आधीच मागितली होती आणि ती पायासाठी होती. यासाठी कुठला शब्द असतो ते तिला माहीत नव्हतं. तिने फक्त “हो” म्हटलं.

बायकोने पदराने नाक पुसलं. डबा पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली, सोडली, परत मारली. दाराकडे पाहिलं. आत तो छताकडे बघत पडला असेल, पाय सरळ. “तीस वर्षांत मी त्यांना ‘चुकले’ म्हणून म्हटलेलं नाही,” ती म्हणाली, जरा रागानेच. “सवय नाही मला.”

मग बायको उठली आणि तिचा न उघडणारा हात कोपराजवळ धरला.

“चला, तुम्ही पण या आत. तुमच्यासमोरच म्हणते. एकटीला नाही जमायचं.”